चार सेंटीमीटरचं छप्पर

थर्ड इयरला सेमिनारचे विषय वाटले गेले तेव्हा मी वर्गात नव्हतो. स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसची केटी होती, तिचा फॉर्म भरायच्या रांगेत उभा होतो. परत येईपर्यंत चांगले विषय संपलेले. धरणं गेली, मेट्रो गेली, ग्रीन बिल्डिंग तर पहिल्याच मिनिटाला गेली. माझ्या वाट्याला उरलं ते हायपार शेल रूफ. हायपार म्हणजे हायपरबोलिक पॅराबोलॉइड, घोड्याच्या खोगिरासारखा दिसणारा पृष्ठभाग. ज्या विषयात केटी लागली त्यातलाच सगळ्यात अवघड भाग आपल्या गळ्यात पडला म्हणून मी दोन दिवस मेसमध्ये सगळ्यांवर चिडचिड केली.

पण त्याच विषयामुळे मला फेलिक्स कान्देला भेटला. हा लेख त्याच्याबद्दल आहे. शेवटी थोडा माझ्या बाबांबद्दलही आहे, कारण त्यांच्याशिवाय मला कान्देला अर्धाच कळला असता.

आधी खोगीर म्हणजे काय ते सांगतो. आपल्या हॉस्टेलच्या बहुतेकांनी राजमाचीचा ट्रेक केलेला आहे. कोंडिवड्यातून निघायचं, कोंढाणे लेण्यांपाशी दम खायचा अन् वर चढायचं. वर गेल्यावर दोन बालेकिल्ले लागतात, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोघांच्या मधल्या सपाटीला भैरवनाथाचं देऊळ आहे. श्रीवर्धनवरून मनरंजनवर जायचं तर देवळापर्यंत उतरावं लागतं आणि पुन्हा चढावं लागतं. म्हणजे त्या दिशेला देवळाची जागा सगळ्यात खाली. पण तीच जागा आडव्या दिशेने, एका दरीतून चढून दुसऱ्या दरीत उतरणाऱ्यासाठी सगळ्यात वर. एकाच ठिकाणी एका दिशेला खळगा आणि दुसऱ्या दिशेला उंचवटा! हेच खोगीर. प्रत्येक खिंडीचा आकार असाच असतो. इतकं लांब जायचं नसेल तर डब्यातली प्रिंगल्सची एक चिप हातात घ्या. तीही तशीच.

आता त्यातली खरी गंमत. या वाकड्या पृष्ठभागाचं समीकरण अगदी साधं आहे. उंची म्हणजे एक स्थिरांक गुणिले एक्स गुणिले वाय. बस्स. एक्स स्थिर ठेवला तर उरते सरळ रेषा. वाय स्थिर ठेवला तरी सरळ रेषा. कर्णावर उभा काप घेतला तर पॅराबोला मिळतो, एका कर्णावर कमानीसारखा आणि दुसऱ्या कर्णावर झोळीसारखा. आडवा काप घेतला तर हायपरबोला. म्हणजे पृष्ठभाग दोन्ही दिशांना वाकलेला, पण बनलेला मात्र सरळ रेषांचा. विश्वास बसत नसेल तर चार काठ्यांची चौकट बांधा, एक कोपरा वर उचला आणि समोरासमोरच्या काठ्यांवर सारख्या अंतरावर खुणा करून सुतळ्या ओढा. प्रत्येक सुतळी ताठ, पण सगळ्या मिळून खोगीर. मी रूमवर हेच केलं आणि रूममेटची कपडे वाळत घालायची दोरी संपवली.

हा पृष्ठभाग गणितवाल्यांना आधीपासून माहीत होता. गाउदीने बार्सिलोनात तो वापरला होता. फ्रान्समध्ये लाफाय आणि एमाँ या इंजिनिअरांनी १९३० च्या दशकात अशी छपरं बांधली, त्यांचं गणितही मांडलं. पण ते छप्पर स्वस्तात, रोजच्या कामासाठी आणि शेकड्यांनी बांधलं ते कान्देलाने.

त्याचा जन्म २७ जानेवारी १९१० चा, माद्रिदचा. माद्रिदच्या आर्किटेक्चर कॉलेजमधून तो १९३५ मध्ये पास झाला. अभ्यासू तर होताच, पण नुसता पुस्तकी किडा नव्हता. रग्बी खेळायचा आणि स्कीइंगमध्ये स्पेनचा राष्ट्रीय विजेता होता. त्याच काळात माद्रिदमध्ये एदुआर्दो तोरोहा या इंजिनिअरची पातळ काँक्रीटची छपरं उभी राहत होती. कान्देलाला त्यांचं वेड लागलं. शेलचं शास्त्र तेव्हा जर्मनीत सगळ्यात पुढे होतं. तिथे जाऊन शिकण्यासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. साल १९३६.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि जर्मनी राहिली बाजूला. कान्देला प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, सैन्याच्या इंजिनिअर दलात कॅप्टन झाला. १९३९ मध्ये त्याची बाजू हरली. हजारो लोकांबरोबर तोही सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेला आणि पर्पिन्यांजवळच्या छावणीत कैद्यासारखा राहिला. तिथून सिनाया नावाच्या जहाजात त्याला जागा मिळाली. सुमारे १६०० निर्वासितांना घेऊन ते जहाज जून १९३९ मध्ये मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदराला लागलं. वय २९, देश गेलेला, डिग्री दुसऱ्या देशाची. कॅम्पसमध्ये प्लेसमेंट मिळाली नाही म्हणून आपण आठवडाभर जेवत नाही, तेव्हा मला हे साल आठवतं.

सुरुवातीला चिवावा प्रांतात निर्वासितांच्या वसाहतीत त्याने काम केलं. मग मेक्सिको शहरात आला, लग्न केलं, १९४१ मध्ये मेक्सिकोचा नागरिक झाला आणि पुढची काही वर्षं मिळतील ती बांधकामं करत राहिला. शेलचा नाद मात्र सुटला नव्हता. कामावरून आल्यावर जर्मन, फ्रेंच, इंग्रजी लेख मिळवून वाचायचा. १९४९ मध्ये त्याने पहिलं प्रायोगिक कवच बांधलं. ते उभं राहिलं तेव्हा त्याला धीर आला. १९५० मध्ये त्याने भागीदारांबरोबर कुबिएर्तास आला ही कंपनी काढली. काम एकच, छपरं बांधणं.

नाव झालं ते १९५१ मध्ये. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात कॉस्मिक किरण मोजण्यासाठी एक छोटी प्रयोगशाळा हवी होती. आर्किटेक्ट होता होर्खे गोन्सालेस रेयना. अट विचित्र होती. किरण छपरातून आरपार आत यायला हवेत, म्हणून काँक्रीट माथ्यावर फार तर दीड सेंटीमीटर जाड! आपल्या भिंतीवरचं नुसतं प्लास्टर साधारण एवढं जाड असतं. एकाच दिशेला वाकलेला पातळ पत्रा हातात धरला तरी लपलपतो. कान्देलाने तो दोन्ही दिशांना उलटसुलट वाकवला, म्हणजे खोगीर केलं, आणि छप्पर ताठ झालं. ते आजही उभं आहे.

हे ताठ का होतं? खोगिराच्या एका कर्णावर कमानी आहेत, दुसऱ्यावर झोळ्या. छपरावर वजन आलं की अर्धं कमानी दाबाने पेलतात आणि अर्धं झोळ्या ताणाने. कमान बाहेर रेटायला बघते, झोळी तिला आत ओढून धरते. वाकणं, म्हणजे बेंडिंग, जवळजवळ उरतच नाही. आणि आपली स्लॅब जाड असते ती बेंडिंगसाठीच.

आकडे घालून बघू, कारण माझा विश्वास तिथेच बसला. कान्देलाची सगळ्यात जास्त विकली गेलेली वस्तू म्हणजे उलटी छत्री. मध्ये एक खांब आणि वर चार खोगिरं जोडून केलेलं छप्पर, मधोमध खोल आणि चारही कडांना उंच. पावसाळ्यात कर्जत स्टेशनबाहेर वाऱ्याने छत्री उलटी होते ना, तशीच. समजा छत्री १० मीटर बाय १० मीटरची आहे. म्हणजे प्रत्येक खोगीर ५ बाय ५ आणि उंची १ मीटर. काँक्रीट ४ सेंटीमीटर, त्याचं वजन दर चौरस मीटरला १०० किलो. वरचा इतर भार धरून २०० किलो म्हणू. सूत्र सोपं आहे. भार गुणिले लांबी गुणिले रुंदी, भागिले उंचीची दुप्पट. २०० गुणिले ५ गुणिले ५ भागिले २, आले २५०० किलो दर मीटरला. ४ सेंटीमीटर जाडीवर वाटले तर चौरस सेंटीमीटरला सव्वासहा किलो. एम-२० काँक्रीट २०० किलोच्या आसपास तुटतं. दाबाचं काम झालं की! ताणासाठी सळ्यांची जाळी लागते आणि कडांना जरा जाडी लागते, ते वेगळं. पण ज्या पेपरात माझी केटी लागली होती त्यातलं हे उत्तर मी पाठीमागच्या पानावर तीन ओळींत काढलं. लायब्ररीत जी. एस. रामस्वामींचं शेल छपरांवरचं १९६८ चं पुस्तक आहे. रुरकीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरचे ते संचालक होते. त्यांच्या पुस्तकात हे सगळं नीट मिळेल.

कान्देलाचं म्हणणंही साधारण असंच होतं. १९५१ पासून त्याने लेख लिहून आणि भाषणं देऊन एक वाद घातला. कागदावर पानंच्या पानं भरणारं गणित काँक्रीटच्या खऱ्या वागण्याशी जुळेलच असं नाही, म्हणून आकार असा निवडा की साध्या समतोलाच्या गणिताने तो समजेल आणि मग बांधून बघा, अशी त्याची भूमिका. हे म्हणणं त्याला परवडत होतं, कारण डिझाइन तो करायचा, हिशोब तो करायचा आणि कॉन्ट्रॅक्टही त्याचंच असायचं. चुकलं तर खिसा त्याचाच फाटणार.

आणि एकदा चुकलंही. कुएर्नावाका गावाजवळ १९५८ मध्ये तो एक उघडं प्रार्थनामंदिर बांधत होता. एकच मोठं खोगीर, पुढचं तोंड उंच उघडलेलं. पहिल्या वेळी ते तोंड फारच उंच ठेवलं होतं. सेंटरिंग उतरवताना कवच कोसळलं. त्याने काम सोडलं नाही की झाकलंही नाही. उंची कमी केली, पुन्हा बांधलं. आज फोटोत दिसतं ते दुसऱ्या वेळचं. माझ्या सेमिनारमध्ये मी ही स्लाइड मुद्दाम ठेवली होती, कारण यशस्वी माणसांच्या गोष्टीत हा भाग बहुतेक वेळा गाळलेला असतो.

त्याच सुमारास त्याचं सगळ्यात सुंदर काम पुरं झालं. मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्कोला कालव्यांच्या काठी लोस मनांतियालेस नावाचं रेस्टॉरंट आहे. चार खोगिरं मध्यावर एकमेकांना छेदतात आणि आठ पाकळ्यांचं फूल तयार होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० मीटरच्या वर, जाडी ४ सेंटीमीटर, आणि कडेला बीम नाही. त्यामुळे ती जाडी, खरं म्हणजे तो पातळपणा, येणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो. खालची जमीन जुन्या तळ्याची, भुसभुशीत. मग त्याने पायेही छत्रीच्याच आकाराचे केले आणि ते सळ्यांनी एकमेकांना बांधले. कवच मातीवर अलगद टेकलेलं.

कंपनीने पुढच्या काही वर्षांत शेकडो छपरं बांधली. चर्च बांधले, बाजार बांधले, बकार्डीचा बाटल्या भरायचा कारखाना बांधला. पण सगळ्यात जास्त बांधली ती गोदामं, ओळीने छत्र्या लावून. १९६१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सने त्याला सुवर्णपदक दिलं. शिकायला जर्मनीला जाऊ न शकलेला हा माणूस हार्वर्डमध्ये व्याख्यानं द्यायला गेला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी त्याने सहकाऱ्यांबरोबर क्रीडाप्रासाद बांधला. पण तो काँक्रीटचा नव्हता. वर पोलादी कमानी आणि तांब्याचं आवरण.

का? इथेच मला सेमिनार अडला.

पुस्तकात कारण एका ओळीत दिलेलं होतं. १९६० च्या दशकात मेक्सिकोत किमान मजुरी वाढत गेली आणि शेल परवडेनासे झाले. शेलमध्ये काँक्रीट कमी, लोखंड कमी, पण सेंटरिंगचं काम प्रचंड. मजुरी वाढली तसं पत्र्याचं छप्पर स्वस्त पडायला लागलं. १९६९ मध्ये कान्देलाने कंपनी सोडली, १९७१ मध्ये अमेरिकेला गेला आणि शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात १९७८ पर्यंत शिकवलं. ७ डिसेंबर १९९७ रोजी नॉर्थ कॅरोलिनात तो वारला. २००३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मत्स्यालय उघडलं, त्यावरचं फुलासारखं छप्पर त्याच्याच शेवटच्या कामांपैकी. ज्या देशातून निर्वासित होऊन गेला तिथे त्याचं फूल परत आलं, पण बघायला तो नव्हता.

मला ही गोष्ट फार वाईट वाटली. इतकी हुशार कल्पना मजुरीच्या दरापायी मेली! सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर मी साधारण असंच लिहिलं होतं.

आता बाबांबद्दल. आमचं गाव खालापूर तालुक्यात. बाबा सेंटरिंगचं काम घेतात, बरोबर चार-पाच माणसं. खोपोलीच्या बिल्डिंगा, चौकच्या बाजूची घरं, कर्जतचे फार्महाऊस. माझी फी त्यातूनच येते. सेमिनारबरोबर आम्ही चौघांनी एक फेरोसिमेंटची छत्रीही बांधली होती, दीड मीटर बाय दीड मीटर, हॉस्टेलच्या मागे. मधल्या खांबात दोन इंची पीव्हीसी पाइप, पाणी त्यातून खाली. जून कोरडा गेला तोवर आम्ही फोटो काढून घेतले. मग जुलैतल्या एका रात्री आपला नेहमीचा पाऊस आला. सकाळी बघतो तर छत्री एका अंगाला कललेली, खांबाच्या डोक्याला तडा आणि वर अर्धं तळं. करंजाची पानं पाइपात अडकली होती. त्यावर जाळी लावायची राहिली होती, आणि ते काम माझ्याकडे होतं.

त्याच आठवड्यात बाबा फी भरायला आले होते. त्यांना ती कललेली छत्री दाखवली, सुतळ्यांचं मॉडेलही दाखवलं. मॉडेल त्यांनी हातात घेतलं, एका सुतळीवरून बोट फिरवलं आणि लगेच म्हणाले की म्हणजे फळी वाकवायचीच नाही. मी समीकरणावरून जिथे दोन दिवसांनी पोचलो तिथे ते अर्ध्या मिनिटात पोचले. फक्त फळी अरुंद हवी, असंही ते म्हणाले, कारण रुंद फळीला पीळ बसत नाही. कान्देलाचे सुतार नेमक्या अरुंद फळ्या वापरायचे आणि एका छत्रीचं सेंटरिंग उतरवून पुढच्या छत्रीला लावायचे, हे मी फोटोत पाहिलं होतं.

छत्रीबद्दल त्यांनी एकच विचारलं. पाइप बंद झाला तर पाणी कुठून जाईल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री हिशोब मांडला. १० मीटरची छत्री काठोकाठ भरली तर पाणी होतं २५ टन. छत्रीचं स्वतःचं वजन १० टन! त्यात ती जराशी कलली तर पाणी खालच्या बाजूला जमतं, अन् आणखी कलते. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे उलटी छत्री बांधायची तर कडेला पाणी सांडायची खाच हवीच. मेक्सिकोचं ड्रॉइंग जसंच्या तसं कर्जतला चालणार नाही.

मग मजुरीची गोष्ट निघाली. मला वाटलं बाबाही हळहळतील, शेवटी त्यांच्याच कामाची कला होती ती. ते हळहळले नाहीत. त्यांनी विचारलं, त्या सुतारांना आधी काय रोज मिळायचा? ते माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. कान्देलाचं नाव आहे, आर्किटेक्टची नावं आहेत, जाडी सेंटीमीटरमध्ये आहे, पण त्या फळ्या ज्यांनी एकेक करून ठोकल्या त्यांचा रोज नाही. बाबा एवढंच म्हणाले की रोज वाढला म्हणून काम बंद पडलं, तर आधी तो फार कमी असणार. मग चहा संपवून ते खोपोली लोकल पकडायला निघाले.

मी शेवटची स्लाइड बदलली. कल्पना मेली हे वाक्य काढलं आणि लिहिलं की ती कमी मजुरीवर उभी होती, आता तीच भूमिती कमी सेंटरिंगमध्ये कशी बांधायची हा आपला प्रश्न आहे. कापडी साच्यावर, ताणलेल्या दोऱ्यांवर शेल ओतायचे प्रयोग जगात चालू आहेतच. व्हायवाला सरांनी त्याच स्लाइडवर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. निम्म्यांची उत्तरं आली नाहीत. केटी मात्र सुटली!

आमची छत्री आम्ही दुरुस्त करून पुन्हा उभी केली आहे, हॉस्टेलच्या मागच्या नळाजवळ. या वेळी पाइपावर जाळी आहे आणि एका कडेला चार बोटं रुंद खाच आहे. पावसात कधी तिकडे गेलात तर जाळीवरची पानं तेवढी काढून टाका.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी